निनावे गुरुजींची झटक्याची पेटी

सुलोचनाला एक कार्ड लिहायचं होतं. काचेच्या कपाटात वस्तूशेजारी टेकवून ठेवतात तसलं, पोस्टकार्डाएवढं, जाड पांढऱ्या कागदाचं. त्यावर चार ओळी. पवनीच्या वाचनालयातली पुस्तकं संपली म्हणून नागपूरहून पार्सलं मागवणाऱ्या आणि मुलींच्या शाळेत वर्षानुवर्षं निबंध तपासणाऱ्या बाईला चार ओळी लिहायला किती वेळ लागावा? एक रविवारची सकाळ, असा तिचा अंदाज होता. तो रविवार १९७९ सालच्या माघात उगवला आणि आषाढ लागला तरी मावळायचं नाव घेत नव्हता.

कार्ड होतं एका पेटीचं. पेटी तांबूस लाकडाची, पितळी कोपऱ्यांची, आतून हिरव्या मखमलीची. तिला ना सेल लागत, ना भिंतीतली वीज. बाजूची मूठ गरागरा फिरवली की नालेच्या आकाराच्या लोहचुंबकापुढं तांब्याच्या तारेची दोन वेटोळी फिरत आणि वीज तयार होई. दोन तारांच्या टोकांना दोन पितळी दांडे होते. ते हातांत धरले आणि मूठ हळू फिरवली की मुंग्या, जोरात फिरवली की झटका. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडातले शिकलेसवरलेले डॉक्टर या पेटीनं अर्धांगवायूपासून उदासीपर्यंत सगळं बरं करत. म्हणजे करत असल्याचं सांगत. त्या शतकाला विजेचं फार कौतुक होतं. विजेनं बेडकाचा पाय हलतो, तार परदेशी जाते, मग गुडघा का दुखावा, असा त्यांचा सरळ विचार.

पेटी सुलोचनाच्या वडिलांची. मधुकरराव निनावे, हायस्कुलातले विज्ञानाचे गुरुजी. गल्लीतल्या बाकी कोष्टी घरांचा जीव मागावर, तर यांचा कामठीच्या कबाडी बाजारात. सुट्टी लागली की ते कामठी गाठत आणि छावणीतल्या साहेबलोकांनी कधीकाळी टाकून दिलेलं काहीबाही उचलून आणत. लाकडी स्टेथोस्कोप, पितळी सूक्ष्मदर्शक, जळवा ठेवायची चिनी मातीची बरणी, आणि दात उपटायची एक लोखंडी किल्ली, जिच्याकडं नुसतं पाहिलं तरी दुखणारा दात गप्प बसे. पौषात गुरुजी गेले. माघात सुलोचनानं हे सगळं सामान वाचनालयामागच्या दोन खोल्यांतल्या नगर संग्रहालयाला द्यायचं ठरवलं.

बाकीच्या वस्तूंची कार्डं तिनं खरोखरच एका सकाळी लिहून टाकली. अडलं ते पेटीपाशी.

त्याचं असं होतं की गावात गुरुजींना विज्ञानाचे गुरुजी कोणी म्हणत नसे. त्यांना म्हणत झटकेवाले गुरुजी. दरवर्षी भाताच्या रोवणीच्या दिवसांत, चिखलात वाकून वाकून कमरेचे काटे ढिले झालेल्या बाया दुपारी निनाव्यांच्या ओसरीवर येत आणि गुरुजी पेटी काढून एकेकीला झटका देत. पैसा नाही, पाणी नाही. उलट पाणी तेच पाजत. सुलोचनाला याची फार लाज वाटे. तिनं या विषयावर बरंच वाचलं होतं. एकदा तिनं स्पष्टच म्हटलं, "बाबा, यानं काही होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना?" गुरुजी म्हणाले, "हो, माहीत आहे." आणि मूठ फिरवत राहिले. त्या दोघांचं जगातल्या बहुतेक गोष्टींवर एकमत होतं. हा एक विषय तसाच राहून गेला, आणि आता विचारायची सोयही उरली नव्हती.

दुखवट्याला येणारी माणसं ओसरीवर टेकत, चार चांगले शब्द बोलत, आणि उठता उठता विचारत, "आता झटका कोण देईन?" सुलोचना शांतपणे चहाचे कप उचलून आत जाई. तिनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. पेटी काचेआड जाईल, 'हात लावू नये' अशी पाटी लागेल, आणि कार्डावर लिहिलेलं असेल : विद्युत्-चुंबकीय यंत्र, सुमारे १८६०. संग्राहक : विज्ञानप्रसारक मधुकर निनावे. यातला 'विज्ञानप्रसारक' हा शब्द महत्त्वाचा. बाकीचं कार्ड त्या शब्दाला टेकायला होतं.

पहिला सल्ला शेजारच्या सत्यभामाबाईंचा आला, न मागता. सामान बांधणं चाललं होतं तेव्हा त्या मदतीला आल्या; म्हणजे एकेक वस्तू उचलून तिच्यावर मत देऊ लागल्या. जळवांच्या बरणीच्या झाकणाला भोकं पाहून त्यांनी मान हलवली. यात लोणचं घातलं तर बुरशी लागेल, हे साहेबांच्या बायकांना कळलं नसेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. लाकडी स्टेथोस्कोप त्यांनी सरळ चुलीपाशी नेला, फुंकून पाहिला आणि निकाल दिला की हवा चांगली जाते, पण फुंकणी आखूड आहे, तोंड पोळेल. सुलोचनानं समजावलं की एका फ्रेंच डॉक्टरला बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, त्यातून या नळीचा जन्म झाला. सत्यभामाबाईंनी नळी पदरानं पुसून परत दिली. "म्हणजे वळणाचा माणूस होता म्हणायचा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कार्ड वाचायला घेतलं आणि 'विज्ञानप्रसारक'वर बोट ठेवलं. हे काढ, त्या म्हणाल्या. दोन-तीन वर्षांमागं नसबंदीवाल्यांची जीप गावात आली होती, तिच्यावरही असलंच काही लिहिलेलं होतं. प्रसारक म्हणा की प्रचारक, तो शब्द पाहिला की माणसं अजून गल्ली बदलतात. पेटीजवळ कुत्रंसुद्धा येणार नाही. सुलोचनानं त्यांचे आभार मानले. शब्द ठेवला.

दुसरी अडचण कृष्णरावांची. कृष्णराव संग्रहालयाचे चिटणीस. पवनीत कुठंही कुदळ मारली तरी काहीतरी जुनं निघतं. म्हणून इथले लोक घराचा पाया खणतानाही हळूच खणतात, उगाच विटेवर वीट लागली तर सरकार यायचं. कृष्णरावांच्या अंगणात दोन हजार वर्षांपूर्वीच्या विटा तुळशीला टेकण देत होत्या. अशा माणसाला एकोणिसावं शतक म्हणजे काल सकाळी झाल्यासारखं. ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणाले, "बाई, हे सामान तं अजून ग्यारंटीत असन." त्यांच्या नोंदवहीत चार सदरं होती : मूर्ती, नाणी, शस्त्रं आणि खापरं. बऱ्याच चर्चेनंतर दात उपटायची किल्ली शस्त्रांत गेली, जळवांची बरणी खापरांत. पेटी कशातच बसेना. शेवटी कृष्णरावांनी तिला मूर्तींत घातलं, कारण बाया तिच्या पाया पडतात हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

आणि तिसरी अडचण भंडाऱ्याची. नव्या दालनाला मंजुरी देणारं एक कार्यालय तिथं होतं. तिथून मंजुरीचं पत्र आलं, त्यात सगळं ठीक होतं, फक्त शेवटी लिहिलेलं होतं : सदर वस्तू निनावी व्यक्तीकडून प्राप्त.

सुलोचनानं अड्याळवरून जाणारी एस.टी. पकडली. कार्यालयातला बाबू नुकताच साताऱ्याकडून बदलून आलेला होता. शुद्धलेखनाचा कडक माणूस. अर्जात 'देणगीदार : निनावे' असं पाहून त्यानं वेलांटी दुरुस्त केली होती आणि त्या दुरुस्तीबद्दल त्याला थोडा अभिमानही दिसत होता.

"या निनावी देणगीदाराशी तुमचं नातं काय?" त्यानं विचारलं.

"मी त्यांची मुलगी."

"मग ते निनावी कसे?"

सुलोचनानं सांगितलं की ते आडनाव आहे. बाबूनं विचारलं, असं आडनाव असतं का. ती म्हणाली, आमच्या अर्ध्या गल्लीचं आहे. अर्धी गल्ली निनावी, हे त्याला मुळीच पटलं नाही. तो म्हणाला, दुरुस्ती हवी तर देणगीदारानं स्वतः येऊन आपण निनावी नसल्याचं लिहून द्यावं.

"ते वारले," सुलोचना म्हणाली.

बाबूनं चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. त्यानं स्वतःचा पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला आणि हळू आवाजात म्हणाला, "मग तसंच राहिलं तर त्यांची काही हरकत नसावी."

एरवी सुलोचना या उत्तरावर हसली असती, आणि घरी जाऊन बाबांना सांगितल्यावर तेही हसले असते. त्या दिवशी तिनं पाणी प्यायलं आणि पुन्हा यायचं ठरवून ती उठली. ती पुन्हा गेली, आणखी एकदा गेली, शाळेच्या शिक्क्याचा दाखला घेऊन गेली, मतदारयादी घेऊन गेली. अखेर नवं पत्र निघालं. त्यात होतं : मधुकर निनावे (मूळ निनावी). ते तिनं घडी करून पर्समध्ये ठेवलं. हरण्यातही काही मान असतो. पण कंसात हरणं तिला फार लागलं.

आता उरलं उद्घाटन. पाहुणे म्हणून ताराचंदजींना बोलावलं होतं. ताराचंदजींची राइस मिल होती, गावाबाहेर मोठी शेती होती, आणि काचेची कपाटं त्यांनी दिली होती. कपाटाच्या प्रत्येक काचेवर त्यांचं नाव इतक्या ठळक अक्षरांत होतं की आतली वस्तू पाहायला नावाच्या दोन अक्षरांमधून डोकवावं लागे. कृष्णराव येऊन म्हणाले की ताराचंदजींची एकच इच्छा आहे. रिबीन तर सगळेच कापतात. त्यांना झटका घ्यायचा आहे. जन्मभर त्यांनी आपल्या धानाच्या बांधीतल्या बाया गुरुजींकडं पाठवल्या, स्वतः मात्र कधी घेतला नाही, आणि आता पाठ धरली आहे.

सुलोचनानं नाही म्हटलं. पेटी काचेआड राहील, ती वस्तू आहे, दवाखाना नाही. कृष्णराव म्हणाले, बरोबर आहे, पण काच कोणाची आहे? अखेर ठरलं की मूठ संग्रहालयाच्या शिपायानं फिरवावी, हळू, नावापुरती. आणि ती फिरत असताना सुलोचनानं पेटीचा इतिहास वाचावा, म्हणजे तरी लोकांना हा विज्ञानाचा विषय आहे हे कळेल.

शिपाई भय्याजी. साधा, आज्ञाधारक, आणि आज्ञा पूर्ण होईपर्यंत दुसरं काही न ऐकणारा. सुलोचनानं त्याला आठवडाभर शिकवलं. इतकं हळू, भय्याजी, जसं पीठ दळताना शेवटची मूठ उरते तसं. भय्याजीनं बरोबर उचललं. त्याला एकच शंका होती, थांबायचं केव्हा. ती म्हणाली, पाहुणे सांगतील तेव्हा.

उद्घाटनाला संग्रहालयात एवढी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती. मूर्तींच्या खोलीत माणसं, नव्या खोलीत माणसं, आणि भिंतीला लागून बायांची रांग. भाताच्या रोपांचे पऱ्हे तयार होते, रोवणी आठवड्यावर आली होती, आणि पेटी पुन्हा सुरू होते आहे ही बातमी बांधाबांधानं फिरली होती. बायांच्या पुढं कौशल्याबाई उभी होती. पन्नाशी उलटलेली, पाठीत किंचित वाकलेली, पण जीभ सरळ. तिच्याजवळ तिची सून रुखमा.

ताराचंदजींनी कोट काढून कृष्णरावांच्या हातात दिला, बाह्या सारल्या, फोटो काढून घेतला, आणि छाती काढून उभ्यानंच दोन्ही दांडे घट्ट धरले. खुर्ची त्यांनी पायानं मागं सरकवली. बसून घेतलेला झटका फोटोत शोभला नसता. भय्याजी पेटीच्या बाजूला वाकून उभा राहिला. सुलोचना कागद घेऊन कपाटापलीकडं गेली आणि वाचू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विद्युत् आणि चुंबक यांचं नातं उलगडलं आणि मानवाच्या इतिहासात…

भय्याजीनं मूठ फिरवली. सुरुवात शिकवल्याप्रमाणं झाली. ताराचंदजी हसले. मुंग्या येतात, त्यांनी लोकांना सांगितलं. लोकही हसले. हसण्यानं भय्याजीला हुरूप आला आणि हात जरा मोकळा झाला.

या पेटीचा एक गुण असा की झटका जोराचा लागला की हाताचे स्नायू आखडतात, मुठी आवळतात, आणि माणसाची इच्छा असली तरी दांडा सुटत नाही. हे सुलोचनाच्या कागदावर तिसऱ्या परिच्छेदात होतं. ती पहिल्यात होती.

ताराचंदजींचं हसू एका बाजूला गेलं आणि तिथंच राहिलं. ते कसेबसे म्हणाले, "बस."

भय्याजीनं वर पाहिलं. त्याची नोकरी केसांसोबत पांढरी झाली होती. इतक्या काळात साहेब आले, पाहुणे आले, कोणी पाणी आण म्हटलं, कोणी जोडे उचल म्हटलं. पण चारचौघांत, सभेत, त्याला बस असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याला खरं वाटेना.

"बस, बस," ताराचंदजी ओरडले.

एवढ्या आग्रहानंतर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. भय्याजीनं ताराचंदजींनी सरकवलेली खुर्ची एका हातानं ओढली, धोतर सावरून संकोचानं तिच्यावर बसला, आणि या मानाची परतफेड म्हणून दुसऱ्या हातानं मूठ दुप्पट जोरात फिरवू लागला. ताराचंदजी बस बस म्हणत राहिले आणि दर बसला तो मागं सरकून अधिक ऐसपैस बसत गेला. कृष्णराव हातातल्या कोटासह एकदा इकडं, एकदा तिकडं पाहत होते. ताराचंदजींची टोपी हळूहळू कानावर आली. मागच्या माणसांना वाटलं की पाठीतला वात निघतो आहे, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुलोचना कपाटाला वळसा घालून आली आणि तिनं भय्याजीच्या दंडावर हात ठेवला. मूठ थांबली. दांडे खाली पडले.

"मी नोयतो बसत, बाई," भय्याजी उठत म्हणाला. "साहेबच म्हणत होते."

ताराचंदजींनी आधी टोपी नीट केली. मग बोटं एकेक उघडून पाहिली. मग पाठ वाकवून पाहिली; ती होती तशीच दुखत होती. माणसं पुढं झाली; शेजारच्या खोलीतल्या मूर्तीही ऐकत असाव्यात.

"काई फरक नाई," ते म्हणाले. "गुरुजीनं जनमभर आमाले बनवलं. मी बाया पाठवत रायलो. कामाच्या टायमाले. अन् हा माणूस आमाले बनवत रायला."

कोट घेऊन ते निघून गेले. त्यांच्यामागं माणसं गेली, माणसांमागं पेढ्यांचा डबा गेला. सुलोचना जागच्या जागी उभी होती. कृष्णराव तिच्याजवळ आले. ते मनानं चांगले होते, फक्त काचेचे मिंधे होते. ते म्हणाले, पेटी राहू द्या, बाई, पण कार्डावरून तूर्त नाव काढा. वातावरण निवेपर्यंत निनावी राहिलेलं बरं. कागदोपत्री तसं अर्धं झालेलंच आहे. मग तेही ताराचंदजींच्या मागं गेले.

भिंतीला लागून उभ्या असलेल्या बाया मात्र गेल्या नव्हत्या. सुलोचनानं खिडक्या लावल्या, दांडे पुसले, तारा गुंडाळल्या. काम संपलं तरी कोणी हलेना, तेव्हा तिला वळून पाहावंच लागलं.

"कौशल्याबाई, खरं सांगा," ती म्हणाली. "बाबांच्या पेटीनं तुमची कमर दुखायची थांबत होती का?"

कौशल्याबाईनं दाराकडं पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"नाई," ती म्हणाली.

"मग कशाला येत होतात दरवर्षी?"

"बसायले."

सुलोचनाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग कौशल्याबाई सांगू लागली. ताराचंदच्या बांधीत सकाळी वाकलं की दिवस कलेपर्यंत कमर सरळ करायची सोय नसे. कोणी उभी राहिली की बांधावरून दिवाणजी ओरडे. पण झटका घ्यायले जातो म्हटलं की ताराचंद स्वतः सोडे. झटका घेतलेली बाई दुप्पट रोवते, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. कोणी बसवलं होतं, हे कौशल्याबाईनं सांगितलं नाही. गुरुजी बायांना ओसरीवर ओळीनं बसवत. एकीच्या हातात दांडे देत आणि मूठ अशी फिरवत की माशीही उडू नये. आणि बाकीच्यांना सांगत, लगेच उठायचं नाही, अंगात वीज मुरू द्यायची. घंटाभर वीज मुरे.

"रुखमाले नववा लागला होता त्या साली तं दांडे देल्लेच नाई," कौशल्याबाई म्हणाली. "निसतं बसवे. म्हणे, तुले वीज वरून येते."

रुखमा पदरात हसली.

"म्हणजे बाबांना माहीत होतं," सुलोचना म्हणाली.

"त्यायनंच तं सांगतलं आमाले. पयल्याच साली. म्हणे, बायहो, या डब्ब्यानं काई होत नाई, पण कोणापाशी बोलू नका."

बाबांनी पन्नास बायांना सांगितलं होतं. सबंध रोवणीला सांगितलं होतं. सुलोचनानं हातातला कपडा घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला.

"मला का नाही सांगितलं?"

कौशल्याबाईनं तिच्याकडं मायेनं पाहिलं. पण उत्तर द्यायला तिला विचार करावा लागला नाही.

"तुले खोटं नाई बोलता येत ना, बाई. ताराचंदनं रस्त्यात विचारलं असतं तं तू त्याले पुस्तकातलं सारं समजावून देल्लं असतं."

हे अगदी खरं होतं. आणि मग आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. ताराचंदजींचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं. विज्ञानाच्या गुरुजींनी त्यांना जन्मभर बनवलं होतं, पद्धतशीर, दरसाल, पेटी लावून. तिला हसू आलं. पौषापासून आलं नव्हतं, त्यामुळं ते थोडं भलत्याच वाटेनं आलं, आणि तिला चष्मा काढून पुसावा लागला. बाया दुसरीकडं पाहत राहिल्या.

"पण आता कसं करायचं, ताई?" रुखमा म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली. "पुढच्या हप्त्यात रोवणी हाये. आता तो सोडन काय आमाले?"

सोडणार नव्हता. आपण फसलो हे त्यानं स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या काचेपुढं सांगितलं होतं. खरं काय ते कार्डावर लिहिलं तर बाबांचं नाव धुऊन निघेल, आणि ताराचंदजी ते वाचतील, आणि ओसरी कायमची बंद. काहीच लिहिलं नाही तर गुरुजी भोंदू. सुलोचनानं लिहिलेलं कार्ड हातात घेतलं. 'विज्ञानप्रसारक' या शब्दाकडं तिनं बराच वेळ पाहिलं. मग ते फाडलं, पर्समधून कोरं कार्ड काढलं, आणि टेकायला जागा शोधू लागली. एकुलती खुर्ची भय्याजी जाता जाता आत ठेवून गेला होता. बाया सरकल्या. ती भिंतीला पाठ लावून त्यांच्यामध्ये फरशीवर बसली, मांडीवर पुस्तक घेतलं, पुस्तकावर कार्ड.

झटका घेताना ताराचंदजी उभे होते. हे तिला आठवलं, आणि पुढचं आपोआप सुचत गेलं. ती लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागली.

"विजेची पेटी. ही मधुकर निनावे गुरुजी रोवणीच्या दिवसांत चालवत. झटका उभ्याने घेतल्यास गुण येत नाही."

"नाईच येत," कौशल्याबाई म्हणाली.

"तो ओळीने, सावलीत, बसून घ्यावा लागतो. त्यानंतर निदान तासभर उठू नये."

सुलोचनानं वाक्यं पुन्हा तपासली. एकही शब्द खोटा नव्हता. ताराचंदजी हे वाचतील, आपण उभे होतो हे त्यांना आठवेल, चूक पेटीची नव्हती आणि फार त्यांचीही नव्हती असं त्यांना वाटेल, आणि रोवणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते बाया पाठवतील. कदाचित स्वतःही येतील, आणि भय्याजीजवळ गुमान बसतील. मूठ कोणी फिरवायची हा प्रश्न होता. पण भय्याजीला शिकवता शिकवता ते तिलाही आलं होतं. माशी उडू नये एवढंच पाहायचं होतं.

कार्डावर अजून जागा उरली होती. चुंबक आणि वेटोळ्यांबद्दल एक ओळ घालावी, सालाबद्दल एक, आणि संग्राहकाच्या विज्ञाननिष्ठेबद्दल एखादी तरी, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं पेन पुन्हा टेकवलं.

"बस," कौशल्याबाई म्हणाली.

सुलोचना तर बसलेलीच होती. तेव्हा याचा अर्थ दुसरा असणार हे ओळखून तिनं पेनाला टोपण लावलं.